सोळा टन कोळसा आणि वहीतली बाकी

महिनाभर राबूनही दुकानदाराच्या वहीतली बाकीच वाढत असेल, तर त्या घरात गाणे कसले सुचणार? पण नेमक्या याच दुखण्यावरचे एक गाणे १९५५ साली अमेरिकेत घरोघरी वाजले. त्याचे नाव ‘सिक्स्टीन टन्स’, म्हणजे सोळा टन.

ते लिहिले मर्ल ट्रॅव्हिस यांनी. केंटकी राज्यातील कोळशाच्या मुलखात त्यांचा जन्म झाला. वडील खाणकामगार. तिकडच्या खेड्यापाड्यांतील कष्टकऱ्यांमध्ये वाढलेल्या संगीताला ‘कंट्री’ म्हणतात. त्याच वळणाचे हे गाणे त्यांनी १९४६ मध्ये रेकॉर्ड केले. वडील कर्जाबद्दल घरात जे बोलत, तेच त्यात आले.

ते कर्ज कसे होत असे, हे समजून घेण्यासारखे आहे. खाणीजवळची वस्ती कंपनीची, घर कंपनीचे, दुकानही कंपनीचेच. मजुरी किती टन कोळसा भरला त्यावर. अनेक ठिकाणी रोख पैशांऐवजी कंपनी स्वतःची नाणी किंवा कुपने देई. त्यांना ‘स्क्रिप’ म्हणत. ती कंपनीच्याच दुकानात चालत; बाहेर कोणी घेतलीच तर कमी भावाने. पगाराआधी उचल घ्यावी, तर तीही स्क्रिपमध्येच. त्यातून घरभाडे, डॉक्टर, हत्यारे, सुरुंगाची दारू यांची कपात होई. हिशेबाच्या नजरेने पाहा. जमेची बाजू कंपनी लिहिणार, नावेची बाजूही कंपनीच लिहिणार. मग कामगाराच्या खाती शिल्लक राहील कशी?

ट्रॅव्हिस यांची रेकॉर्ड १९४७ मध्ये आली, पण फारशी चालली नाही. १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड या गायकाने ते गाणे पुन्हा गायिले. भारदस्त आवाज, मोजकी वाद्ये आणि तालासाठी वाजवलेल्या चुटक्या, एवढाच थाट. कॅपिटॉल कंपनीने ते रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला घातले होते; पहिली बाजू वेगळ्याच गाण्याची होती. पण लोकांनी रेकॉर्ड उलटली! २४ दिवसांत १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक दुकानांतील विक्री, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स यांवरून गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या छापत असे. त्यातील कंट्रीच्या यादीत हे गाणे १० आठवडे पहिले राहिले. सर्वसाधारण गाण्यांतही त्याने पहिला क्रमांक मिळवला आणि जानेवारी १९५६ मध्ये इंग्लंडमध्येही.

फोर्ड तेव्हा टीव्हीमुळे घराघरांत माहीत होते, त्याचा फायदा झालाच. तरी नुसत्या ओळखीवर एवढा खप होत नाही. खाण न पाहिलेल्या माणसालाही पहिल्या तारखेला आलेला पगार दुसऱ्या तारखेला कुठे जातो, हे ठाऊक असते. त्याला त्या गाण्यात आपलीच वही दिसली.

गाण्याने कोणाचे कर्ज फिटले नाही. पण जी गोष्ट कामगार लाजेने चार भिंतींत ठेवत होता, ती चारचौघांत आली. कर्ज हा प्रत्येक वेळी कामगाराच्या उधळेपणाचा दोष नसतो. पुष्कळदा तो हिशेब मांडणाऱ्याचा डाव असतो. म्हणून पगाराची पावती घरी आणावी, नवरा-बायकोने मिळून वाचावी, आणि प्रत्येक कपातीपुढे एकच प्रश्न लिहावा : ही कशाची?