इंजिनचं काम निघालंय म्हणे!

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते. माझं म्हणणं असं की जुनी गाडी बिघडली की माणसं बॉनेट उघडायच्या आधी पाकीट उघडतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. बॉनेट उघडायला पैसे पडत नाहीत हो!

डेट्रॉइटच्या उपनगरात इतकी वर्षं काढल्यावर गाड्यांचं वेड लागलं नाही तरच नवल. पुण्याची मावशी फोनवर विचारते, "अगं, एवढी इंजिनियर होऊन तिकडे गॅरेज काढलंस की काय?" गॅरेज नाही काढलं मावशी, पण शनिवारी हात काळे होतात हे खरं. इथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, फर्नडेलपासून थेट पॉन्टियाक गावापर्यंत. १९९५ पासून चालू आहे. आपल्याकडे पालखी बघायला लोक रस्त्याच्या कडेला बसतात ना, तसे इथे घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. त्या गर्दीत सगळ्यात जास्त मान मसल कारना.

मसल कार म्हणजे काय, हे भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. १९६४ साली पॉन्टियाकने हेच केलं आणि त्या गाडीला जीटीओ नाव दिलं. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालू नये असा जनरल मोटर्सचा स्वतःचाच नियम होता. पॉन्टियाकवाल्यांनी पळवाट काढली. नवीन गाडी काढतोय असं म्हणायचंच नाही, जुन्याच गाडीवर ३८९ घन इंचांचं इंजिन 'जादा पैसे भरून मिळेल' असं यादीत लिहायचं! १९६७ साली ते इंजिन ४०० घन इंचांचं झालं, म्हणजे साडेसहा लिटर. आठ सिलिंडर, आणि एकेका सिलिंडरमध्ये आपल्या मारुती ८००चं अख्खं इंजिन बसेल. त्याच वर्षी जुना दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाऊन टर्बो हायड्रामॅटिक ४०० नावाचा तीन गिअरचा आला. हा गिअरबॉक्स इतका दणकट की पुढे तो ट्रकमध्येही वर्षानुवर्षं वापरला गेला.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. मुद्द्यावर येते.

आमच्या गल्लीत एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात. त्यांच्याकडे ही अशीच १९६७ची जीटीओ आहे, नवऱ्याने हौसेने सांभाळलेली. नवरा गेल्यावर गाडी दोन वर्षं झाकून उभी होती. मग नातवाने बॅटरी बदलून ती चालू केली, तर मागून पांढरा धूर. गाडी थांबलेली असताना इंजिन अडखळायचं. गिअर उशिरा पडायचा, आणि पडला की मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखा धक्का. गिअरबॉक्सचं ऑइल दर आठवड्याला कमी व्हायचं, पण जमिनीवर एक थेंब नाही. बाईंनी गाडी एका दुकानात नेली. तिथे सांगितलं, हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे इंजिनचं काम निघालं, आणि गिअरबॉक्सही उतरवून पूर्ण खोलावा लागेल. दोन्ही मिळून नऊ हजार डॉलरच्या वर. शिवाय "आहे तशी विकायची असेल तर गिऱ्हाईक आहे" असंही कोणीतरी हळूच म्हणालं. बाई विकायच्या बेतात होत्या. पैसे नव्हते असं नाही, पण नवऱ्याची गाडी आतून पार मेली, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

आता बघा. पांढरा धूर, अडखळणारं इंजिन, दांडगाई करणारा गिअरबॉक्स आणि नाहीसं होणारं ऑइल. या चार तक्रारी वेगवेगळ्या कागदावर लिहिल्या तर चार कामं होतात. एका कागदावर लिहिल्या तर एकच प्रश्न उरतो: गिअरबॉक्सचं ऑइल जातं कुठे?

ऑइल इंजिनात जात होतं आणि जळत होतं. ते कसं, हे समजायला या गिअरबॉक्समधली एक गंमत सांगावी लागेल. त्या काळी गाडीत कॉम्प्युटर नव्हता. मग ड्रायव्हरने पाय किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळणार कसं? तर इंजिनाच्या श्वासावरून. इंजिन हवा ओढतं. पाय हलका असेल तर हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि आत जोरदार व्हॅक्यूम तयार होतो. पाय दाबला की वाट उघडते आणि व्हॅक्यूम पडतो. हा व्हॅक्यूम एका बारीक नळीतून गिअरबॉक्सच्या उजव्या कुशीला लावलेल्या छोट्या डबीपर्यंत नेलेला असतो. डबीचं नाव व्हॅक्यूम मॉड्युलेटर, आकार बुंदीच्या लाडवाएवढा. आत एक पातळ पडदा. व्हॅक्यूम भरपूर असला की गिअर लवकर आणि अलगद पडतो, कमी असला की उशिरा आणि जोरात. गिअरबॉक्सचा कानच म्हणा ना.

हा पडदा फाटला की दोन गोष्टी एकदम होतात. गिअरबॉक्सला व्हॅक्यूम नीट पोचत नाही, त्यामुळे त्याला वाटतं ड्रायव्हरने पाय जमिनीपर्यंत दाबलाय, म्हणून तो धक्के देतो. आणि इंजिन त्याच नळीतून गिअरबॉक्सचं ऑइल स्ट्रॉने उसाचा रस प्यावा तसं पीत बसतं. त्याचा पांढरा धूर होतो, जवळचा स्पार्क प्लग तेलकट होतो आणि इंजिन अडखळतं. चारही तक्रारी संपल्या!

हे ओळखायला लागतात पाच मिनिटं. गाडी जॅक स्टँडवर नीट टेकवायची, डबीवरची रबरी नळी उपटायची आणि आत बघायचं. लाल ऑइल दिसलं तर दुसरा पुरावा नको. आम्ही बघितलं, दिसलं. त्याच्या आधी रेडिएटरचं पाणी पाहिलं होतं, ते तसूभरही कमी नव्हतं. हेड गॅस्केटमधून पाणी जळत असतं तर ते कमी व्हायला हवं होतं आणि धुराला गोडसर वास यायला हवा होता. हा वास करपलेल्या तेलाचा होता. नाक प्रत्येकालाच असतं, पण ते वापरल्याचं बिल लावता येत नाही, ही खरी अडचण.

डबी एका बोल्टवर आणि एका पट्टीवर बसते. नवीन डबी, ओ-रिंग, दोन वीत रबरी नळी, एक स्पार्क प्लग आणि कमी झालेलं ऑइल, सगळं मिळून शंभर डॉलरच्या आत. फक्त एक सांगते. डबी बदलल्यावर धूर लगेच थांबत नाही. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला वेळ लागतो. नातवाचा चेहरा त्या वेळात बघण्यासारखा झाला होता. पुस्तकात लिहिलेलं माहीत असूनही मीसुद्धा दोनदा घड्याळ बघितलं. पाऊण तासाने धूर गेला. बाई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन नवऱ्याची जुनी टोपी घेऊन आल्या आणि शेजारच्या सीटवर ठेवली.

तुम्ही म्हणाल, दुकानवाला चोर. मला तसं वाटत नाही, आणि इथेच माझं खरं भांडण आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकला पुस्तकातल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. अमुक कामाला अमुक तास, मग तुम्ही ते कितीही वेळात करा. या हिशोबात गिअरबॉक्स उतरवण्याला भाव आहे, खाली वाकून वास घेण्याला नाही. अर्धा तास विचार करून पंचवीस डॉलरची डबी शोधणारा माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जातो. त्यातून १९९६ पासून इथल्या प्रत्येक नव्या गाडीला निदानाचं ठरावीक सॉकेट आलं. यंत्र जोडा, कोड वाचा. त्यावर वाढलेल्या तरुण पोरांपुढे जीटीओ उभी केली तर ती सॉकेट कुठे शोधणार? त्यांचा दोष नाही, पण आपल्या पैशावर त्यांनी अंदाज का करावेत?

आणि आपण गिऱ्हाइकंही कमी नाही. "नुसतं बघायचे दीडशे डॉलर?" म्हणून भुवया उंचावणार, आणि "नवीन बसवून टाकतो" म्हटलं की दोन हजार मुकाट्याने देणार. हातात काहीतरी चकचकीत मिळाल्याशिवाय पैसे दिल्यासारखं वाटतच नाही आपल्याला. डॉक्टरकडेही तेच, इंजेक्शन दिलं नाही तर डॉक्टर कसला!

घरी काम करणाऱ्या हौशी लोकांची तऱ्हा वेगळी. एका रविवारी नवा कार्बोरेटर, नवं इग्निशन आणि नवे प्लग एकदम घालायचे. मग गाडी सुधारली तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडली तर विचारूच नका. एका वेळी एक गोष्ट बदला, वहीत लिहा, गाडी चालवून या, मग दुसरी. याला मी कंटाळवाणं म्हणणार नाही, संध्याकाळी वरण-भात खाण्याइतकं ते बरं वाटतं.

बरं, गिअरबॉक्स खरोखर गेलेला असूच शकत नाही का? असतो की. इंजिन गरम आणि चालू ठेवून, पार्कमध्ये डिपस्टिक काढा. ऑइल काळपट, जळका वास आणि बोटाला कचकच लागली तर आतल्या क्लचच्या चकत्या गेल्या, मग गिअरबॉक्स उतरवा, माझं काही म्हणणं नाही. इंजिनाचंही तसंच. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या पाऊणपटीखाली जाऊ नये, असा जुना ढोबळ नियम. गेला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. मोजायचं मीटर एका पिझ्झाच्या पैशात मिळतं. बाईंच्या गाडीचे आठही आकडे एकमेकांच्या जवळ आले. हे इंजिन 'काम निघालेलं' नव्हतं.

पण एक काम निघालं, आणि तिथे मी स्वतःच बाईंना पैसे काढायला लावलेत. धूर गेल्यावर टायमिंग बघितलं तर दिव्याच्या उजेडात खूण एका जागी ठरेना, नाचत होती. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून इंजिन पुढच्या बोल्टला पाना लावून हाताने हळूच फिरवलं, आणि मग उलट्या दिशेला. आतला रोटर ताबडतोब उलटा फिरायला हवा. इथे पाना दहा-बारा अंश सरकला तरी रोटर ढिम्म. म्हणजे टायमिंग चेन सैल. साठच्या दशकाच्या मध्यापासून पॉन्टियाकसकट अनेकांनी कॅमशाफ्टच्या चाकाला नायलॉनचे दात दिले होते, आवाज कमी यावा म्हणून. पन्नास-साठ वर्षांनी नायलॉन ठिसूळ होतं, दात तुटतात आणि खाली ऑइलच्या टबात पडतात. तिथून ते पंपाच्या जाळीत अडकले की इंजिनला ऑइल मिळत नाही, आणि मग खरंच काम निघतं, तेही नऊ हजारांत न भागणारं.

नातवाचं मत, पुढचं झाकण काढून चेन आणि चाकं बदलू, टब कशाला उतरवायचा? या गाडीत टब उतरवायचा तर इंजिन थोडं वर उचलावं लागतं, दोन शनिवार जातात. त्याचं म्हणणं सोयीचं आहे, पण मला पटत नाही. जुने दात टबात आहेत की नाहीत हे टब उतरवल्याशिवाय कळणार नाही. स्टीलच्या दातांचा संच, गॅस्केटं आणि पुढचं ऑइल सील मागवलंय. ऑइलही जास्त जस्त असलेलं घेतलंय, कारण नव्या गाड्यांच्या बऱ्याचशा ऑइलमध्ये जस्त कमी केलंय आणि असल्या जुन्या कॅमशाफ्टला ते लागतं. तोवर गाडी गॅरेजमध्येच राहील. मोह झाला तरी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा न्यायची नाही, असं दोघांनाही बजावलंय. बाईंनी किल्ली माझ्याकडेच आणून दिली आहे, नातवावर त्यांचा विश्वास नाही म्हणे.