आधी दाढ पाहा

माझा धाकटा भाऊ चौतिशीचा आहे, त्याला बौद्धिक अक्षमता आहे, बोलायला शब्द जेमतेम दहा-बारा. गेल्या आषाढात, ऐन भातलावणीत, त्यानं आईला ढकललं, ताट भिरकावलं. आमच्या पौड गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कुणी अंगारा दिला, एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या. त्याचं तोंड उघडून कुणी पाहिलं नाही. मीही नाही, खोटं कशाला बोलू? तो भाकरी एकाच बाजूनं चावतोय, हे आठवडाभरानं लक्षात आलं. दाढ किडली होती, हिरडीत पू. दाढ काढली आणि चार दिवसांत घर शांत.

तेव्हापासून त्याचा हात उठला की कॅलेंडरवर लिहितो, आधी काय झालं? भूक, पोट साफ नसणं, वरातीचा डीजे, न सांगता बदललेली अंघोळीची वेळ. एकदा तर त्याचा पिवळा मग कुणीतरी पाहुण्याला दिला होता. आणि मारलं की बिस्कीट मिळतं, हे आम्हीच शिकवलेलं.

2017 चा मानसिक आरोग्य कायदाही बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजारात धरत नाही. मग पहिला उपाय गोळीच का? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात अशा माणसाचे दात, कान, पोट आधी तपासावेत, एवढं तरी बंधनकारक करा. कोळवण खोऱ्यातल्या साधना व्हिलेजमध्ये अशी प्रौढ मंडळी घरासारखी राहतात. पण सगळ्यांना तिथं जागा कुठून मिळणार?

काल कॅलेंडरवर आईनं लिहिलंय : 'लाइट गेली. ओरडला. कंदील लावला. बसला.'