स्ट्रोकचे प्रकार दोन, उपचार एकमेकांच्या उलटे; म्हणून घरात गोळी शोधण्यात वेळ घालवू नका

फेब्रुवारी २०२४ मध्ये नितीन कामत यांनी सोशल मीडियावर एक पोस्ट टाकली. झिरोधाचे सहसंस्थापक, वय ४४, नियमित व्यायाम करणारा माणूस. साधारण सहा आठवड्यांपूर्वी आपल्याला सौम्य स्ट्रोक येऊन गेला, चेहरा एका बाजूला ओघळला होता, लिहिता-वाचता येत नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच महिन्यात मिथुन चक्रवर्ती यांना कोलकात्यात हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, तेव्हाही निदान स्ट्रोकचंच होतं.

कामत यांची पोस्ट व्हायरल झाली ती 'एवढ्या फिट माणसाला कसं काय?' या प्रश्नामुळे. पण पुढे त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्रास सुरू झाल्यावर, झोपलो की बरं वाटेल, असं त्यांना वाटलं. खरंतर लगेच हॉस्पिटल गाठायला हवं होतं.

आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं. "हाताला मुंग्या आल्यात, थोडं पडू दे." "बीपी वाढलं असेल, सकाळी बघू." आणि सकाळपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

हात-पाय गेले, पण बिघाड कुठे आहे?

मराठीत याला अर्धांगवायू, पक्षाघात किंवा लकवा म्हणतात. अर्धांगवायू या शब्दात 'वायू' आहे, त्यामुळे अंगावरून वारं गेलं असा समज पक्का झाला. मग तेल चोळणं, शेक देणं, अमुक गावचं औषध, अगदी कबुतराचं रक्त लावणं असे उपाय सुरू होतात.

पण हात किंवा पाय बिघडलेला नसतोच. बिघाड मेंदूत असतो. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. त्यामुळे उजवा हात लुळा पडला तर घोळ बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या भागात असतो. हाताला कितीही तेल चोळलं तरी ते तिथं पोहोचत नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के, पण शरीरातला जवळपास २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. साठवून ठेवायची सोय नाही. रक्त थांबलं की काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब संशोधकांनी मांडलाय.

पहिला प्रकार: पाइप तुंबला

याला इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. जगात दर १० स्ट्रोकपैकी ६ ते ७ या प्रकारचे असतात. रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि पुढच्या भागाचं रक्त बंद होतं.

गुठळी येते कुठून? बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूमुळे मानेतल्या किंवा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आत थर साचतो आणि तिथंच गुठळी तयार होते. दुसरा रस्ता हृदयातून. ठोके अनियमित पडत असतील किंवा झडप खराब असेल, तर हृदयात रक्त साकळतं आणि ती गुठळी वाहत मेंदूत जाते. तिसरं म्हणजे मेंदूच्या आतल्या अगदी बारीक वाहिन्या बीपी-शुगरने हळूहळू बंद होतात.

यातच एक 'मिनी स्ट्रोक' असतो, डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली आणि थोड्या वेळात सगळं आपोआप ठीक. घरचे म्हणतात, "गेलं बाबा संकट!" प्रत्यक्षात ती धोक्याची घंटा असते. मोठा स्ट्रोक येण्याची भीती पुढच्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असते, म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

दुसरा प्रकार: पाइप फुटला

हा हॅमरेजिक स्ट्रोक, म्हणजे बोलीभाषेतलं ब्रेन हॅमरेज. यात रक्तवाहिनी फुटते, रक्त मेंदूत पसरतं आणि कवटीच्या आत दाब वाढतो. सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलेलं बीपी.

याचाच एक उपप्रकार मेंदूच्या आवरणाखाली होतो. रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटतो आणि अचानक, आयुष्यात कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी सुरू होते. सोबत उलटी, मान आखडणं, बेशुद्धी. अशी डोकेदुखी गोळी खाऊन बघायची नसते.

खरी गोम इथं आहे

बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. तेच वाकडं तोंड, तोच लुळा हात. अनुभवी डॉक्टरलाही नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. ते कळतं सीटी स्कॅनवर. आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलटे आहेत.

पाइप तुंबला असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. याला थ्रोम्बेक्टॉमी म्हणतात. २०१५ पासूनच्या अभ्यासांनी तिचा फायदा सिद्ध केला, आणि निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत करता येते.

पाइप फुटला असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. तिथं रक्तस्राव थांबवायचा असतो. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचा परिणाम उलटवतात, बीपी काळजीपूर्वक खाली आणतात, गरज पडली तर ऑपरेशन करतात. फुगा असेल तर क्लिप लावतात किंवा आतून कॉइल भरतात.

बीपीचंही तसंच. हॅमरेज असेल तर डॉक्टर वाढलेलं बीपी लवकर कमी करतात. गुठळी असेल तर बऱ्याचदा ते थोडं वाढलेलं राहू देतात, कारण अडलेल्या भागापर्यंत रक्त ढकलायला तो दाब लागतो.

आता घरातले उपाय बघा. कुणी ॲस्पिरिन देतं. हॅमरेज असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. कुणी हार्ट अटॅक समजून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतं. बीपी धाडकन पडू शकतं. कुणी पाणी पाजतं. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. आणि 'दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा' हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज? त्याला काहीही वैद्यकीय आधार नाही. तो फक्त मिनिटं खातो.

ओळखायचं कसं?

सहा गोष्टी, सगळ्या अचानक सुरू होणाऱ्या. तोल जाणं. एका किंवा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं होणं. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढलं जाणं. दोन्ही हात वर करायला सांगितल्यावर एक खाली पडणं. बोलणं अडखळणं किंवा समोरच्याचं न समजणं. आणि सहावी गोष्ट म्हणजे वेळ. यातलं एक लक्षण दिसलं तरी १०८ ला फोन.

माणूस शेवटचा व्यवस्थित कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. कारण साडेचार तास मोजले जातात ते तिथून. झोपेतून उठताना त्रास दिसला, तर घड्याळ झोपायला गेल्यापासून धरतात. चालू औषधांची फाइलही सोबत घ्या.

प्रश्न फक्त जागरूकतेचा नाही

समजा घरच्यांनी सगळं बरोबर केलं. पण जवळच्या दवाखान्यात सीटी स्कॅनच नसेल तर? शहरात न्यूरोलॉजिस्ट मिळतो, गाव-तालुक्यात क्वचितच. म्हणजे साडेचार तासांतला बराच वेळ एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात संपतो.

यावर उत्तर नाही असं नाही. हिमाचल प्रदेशसारख्या डोंगराळ राज्यात २०१४ पासून टेलिस्ट्रोक प्रकल्प सुरू झाला. सीटी स्कॅन असलेल्या सरकारी हॉस्पिटलमधले डॉक्टर स्मार्टफोनवरून स्कॅन तज्ज्ञांना पाठवतात आणि त्यांच्या सल्ल्याने तिथंच इंजेक्शन देतात. न्यूरोलॉजिस्ट गावात नसला तरी त्याचा सल्ला पोहोचतो. प्रत्येक जिल्ह्यात मोठं हॉस्पिटल बांधण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि डोंगरदऱ्यातल्या महाराष्ट्रालाही लागू पडणारं आहे.

आणि मुळात येऊच नये म्हणून?

१९४५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ब्रेन हॅमरेजने गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० नोंदवलं गेलं होतं. तेव्हा बीपीवर धड औषधच नव्हतं. आज आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मोफतही मिळतं. ३२ देशांतल्या इंटरस्ट्रोक अभ्यासानुसार स्ट्रोकचा जवळपास ९० टक्के धोका बदलता येण्यासारख्या १० कारणांशी जोडलेला आहे, आणि त्यात पहिला नंबर बीपीचा. बाकी तंबाखू, शुगर, दारू, वजन, बैठी सवय, ताण ही ओळखीचीच नावं.

आपली अडचण अशी की बीपी दुखत नाही. म्हणून गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद होते. गोळी बरं वाटण्यासाठी नसतेच, वाहिनी शाबूत ठेवण्यासाठी असते.

स्ट्रोक येऊन गेला तरी सगळं संपत नाही. मेंदूचे उरलेले भाग काही कामं नव्याने शिकतात, म्हणून फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी लवकर सुरू करणं आणि महिनोन्‌महिने टिकवणं गरजेचं असतं. रुग्ण चिडतो, रडतो, गप्प होतो, तेही आजाराचाच भाग असू शकतं. डॉक्टरांना तेही सांगायचं.

तोपर्यंत एक काम आजच करता येईल. तुमच्या घराजवळ २४ तास सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन नेमकं कुठल्या हॉस्पिटलमध्ये मिळतं, हे फोन करून विचारा आणि फॅमिली ग्रुपवर टाका. बोटांना सुई टोचायच्या मेसेजपेक्षा हा मेसेज फॉरवर्ड झालेला बरा.