बालकांची छायाचित्रे : डोळे धूसर का येतात?

पर्युषणातील पारणे असो वा पाठशाळेची नाटिका, कर्जतच्या व्यापारी घरांत अशा प्रसंगी आता मोबाइलखेरीज चांगला कॅमेराही बाहेर निघतो. छायाचित्रे शेकड्यांनी निघतात. परंतु रात्री ती संगणकावर मोठी करून पाहिली असता नातवाच्या कानाची पाळी स्पष्ट आणि डोळे मात्र धूसर, असे वारंवार आढळते. दोष लेन्सच्या माथी मारला जातो आणि पुण्याच्या पुढच्या फेरीत अधिक महाग लेन्स खरेदी होते. माल पारखूनच पैसा सोडणाऱ्या घरात ही पारख नेमकी येथे सुटते, कारण महाग लेन्सने हा दोष पुष्कळदा वाढतोच.

कोणतीही लेन्स एका वेळी एकाच अंतरावर पूर्णतः तीक्ष्ण असते. त्या अंतराच्या पुढेमागे थोडासा पट्टा आपल्या डोळ्यांना तीक्ष्ण भासतो, एवढेच. हौशी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून तिचे छिद्र १.८ इतके उघडे ठेवले आणि मूल दीड मीटरवर बसले असेल, तर हा पट्टा जेमतेम ६ सेंटीमीटरचा असतो. लहान मुलाच्याही नाकापासून कानापर्यंतचे अंतर त्याहून अधिक भरते. मूल हसत किंचित पुढे झुकले की पट्टा डोळ्यांवरून घसरून कानावर जातो. तेच छिद्र ४ वर आणले तर पट्टा सुमारे १४ सेंटीमीटर होतो आणि चेहरा त्यात मावतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची साधी लेन्स ५५वर नेली असता तिचे छिद्र ५.६ च्या पलीकडे उघडतच नाही. म्हणून फोकसच्या बाबतीत ती नवशिक्याला सांभाळून घेते. तिची अडचण निराळी आहे. माजघरातील अपुऱ्या उजेडात शटर मंदावते.

धावणारे मूल सेकंदाला ३ मीटर सरकते असे धरले, तर १/६० सेकंदाच्या शटरमध्ये ते ५ सेंटीमीटर पुढे गेलेले असते. १/५०० मध्ये केवळ ६ मिलिमीटर. ज्याला फोकस चुकला म्हणतात, तो प्रकार अनेकदा हाच असतो. भेद ओळखणे कठीण नाही. फरशीची मागची किंवा पुढची रेघ स्पष्ट आणि मूल धूसर असेल, तर फोकस चुकला. मुलाचा चेहरा स्पष्ट, पण हात फराटल्यासारखे असतील, तर शटर मंद पडले. सारे चित्रच एका दिशेने ओढल्यासारखे दिसले, तर छायाचित्रकाराचा हात हलला.

कर्जतजवळच्या रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. तेथे काळवीट टिपण्यासाठी घेतलेली ७०-३००ची लांब लेन्स अंगणातील मुलांसाठीही उत्तम चालते, कारण छायाचित्रकार दूर राहतो आणि मूल कॅमेरा विसरते. मात्र लांब लेन्स हाताचा कंपही वाढवते. ३०० वर शटर १/५०० च्या खाली नसावे. घरातील खोलीत ती काढण्यात अर्थ नाही, मागे सरकायला भिंतच आड येते.

लेन्स कोणतीही असो, कॅमेऱ्यातील फोकसचा बिंदू एकच निवडावा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मधल्या बिंदूने फोकस करून मग चौकट हलवण्याची जुनी सवय १.८ वर घात करते. मूल खेळत असेल तर अखंड फोकसची सोय वापरावी; निकॉनवर ती एएफ-सी आणि कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांवर एआय सर्वो या नावाने असते. नवे आरसाविरहित कॅमेरे डोळा स्वतः शोधतात आणि तेथे मनुष्याने आडवे न येणे बरे.

एवढे सांभाळूनही फोकस नेहमी एकाच बाजूला घसरत असेल, तर लेन्स खरोखर तपासावी. खतावणीचे छापील पान तिरपे टेकवून, कॅमेरा स्टँडवर ठेवून मधल्या ओळीवर फोकस करावा. दर वेळी मागचीच ओळ तीक्ष्ण आली, तर दोष यंत्राचा समजावा. काही आरशाच्या कॅमेऱ्यांत ही दुरुस्ती कॅमेऱ्यातच करता येते. अन्यथा सेवा केंद्र आहेच.

१८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची इंग्लंडमध्ये काढलेली बालकांची छायाचित्रे धूसर म्हणून हिणवली गेली होती. आज ती संग्रहालयांत आहेत. पण ती धूसरता त्यांनी पसंत केलेली होती. पारण्याच्या दिवशी अपघाताने आलेल्या धूसरतेला हा आधार देता येत नाही.

पहिला उपवास केलेले मूल पारण्याचा पहिला घोट एकदाच घेते. छायाचित्र बिघडले म्हणून त्या थकलेल्या जिवाला पुन्हा पेला तोंडाशी धरायला लावणे शोभत नाही. तयारी आदल्या दिवशीच व्हावी. पाट खिडकीजवळ मांडावा, कॅमेरा दोन मीटरवर असावा, छिद्र ४, शटर १/२५०, आणि आयएसओ ३२०० पर्यंत चढू द्यावा. चित्रात थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा मात्र सुधारत नाही. आजोबा घोट पाजणार असतील तर त्यांना मुलाच्या मागे न बसवता शेजारी, एका रेषेत बसवावे आणि छिद्र ५.६ करावे; म्हणजे दोघांचेही डोळे त्याच पट्ट्यात येतात.