एक पॉइंट कमी

कोजागरीच्या संध्याकाळी जुन्या नाशकातल्या दूध बाजारात पाचला ऐकलेला भाव सातला राहत नाही. मंडळांची पातेली येतात, सोसायट्यांची येतात. म्हशी कालच्याच, धारही कालचीच, गिऱ्हाईक मात्र दारात मावत नाही. दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा जागेवर. आमच्याकडे रतीब घालणारे काका त्या दिवशी जास्तीचं दूध देत नाहीत, पण रोजचं लिटरभर चुकवत नाहीत आणि त्याचे पैसेही वाढवत नाहीत. "वर्षाचं गिऱ्हाईक आहे ताई," एवढंच म्हणतात. मला हा व्यवहार कळतो आणि आवडतो.

इथून तीसेक किलोमीटरवर सिन्नर तालुक्यात गायीच्या दुधाचा भाव मात्र असा डोळ्यांसमोर ठरत नाही. मागच्या हिवाळ्यात तिकडच्या एका संकलन केंद्रावर सकाळी उभी होते. नऊवारीतल्या एका आजींनी किटली ओतली आणि नजर मशीनच्या लाल आकड्यांवर लावली. फॅट ३.४. पूर्ण भावाच्या साडेतीनला एक पॉइंट कमी. त्या काहीच बोलल्या नाहीत, चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली.

थंडीत हिरवा चारा असतो, दूध वाढतं. हा पुष्टकाळ. ताक, श्रीखंड, आइस्क्रीमची मागणी येते उन्हाळ्यात, तेव्हा जनावरं आटलेली. हे अंतर भरून काढायला १९५५ मध्ये आणंदला म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला. अमूलच्या कुरियन आणि दलाया यांचं ते मोठं काम. हिवाळ्याचं दूध नाकारलं जाऊ नये, म्हणून ती भुकटी. आज तीच भुकटी गोदामात साचली, लोणी-पावडरचे दर उतरले, की पहिली कात्री लागते ती आजींच्या किटलीला. २०२३ च्या जुलैत सरकारने गायीच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये ठरवले. हिवाळा येईतो ते कागदावरच उरले, आणि जानेवारी २०२४ मध्ये २७ रुपये देणाऱ्या दूध संघांच्या शेतकऱ्यांना पाच रुपये अनुदान द्यायची वेळ आली. पेंडीचा भाव त्या काळात काही सात रुपयांनी उतरला नव्हता.

उसाला एफआरपी, म्हणजे कायद्याने बंधनकारक किमान दर आहे, दुधाला का नाही? ऊस वर्षातून एकदा तुटतो, गाय दिवसातून दोनदा पिळावी लागते. भाव पडला म्हणून तिला थांबवता येत नाही. मला तरी अशा दराची गरज उसापेक्षा दुधाला जास्त वाटते.

त्या सकाळी केंद्रावर मी आजींना विचारलं, दूध नाशकात का नाही नेत? तिथे तर भाव जास्त.

"ते म्हशीचं," त्या म्हणाल्या. "आमचं गायीचं, हलवाई घेत नाही. म्हणतो, साय धरत नाही. अन् दहा लिटर घेऊन कोण जाणार? एसटीचं तिकीट तरी निघेल का?" रिकामी किटली विसळून त्यांनी ते पाणी बाजूच्या कुत्रीला ओतलं आणि रस्त्याला लागल्या. दुपारी गवत कापायचं होतं.