तिचा एकटीचा फोटो

डॉक्टरांच्या स्मरणिकेत छायाचित्रणावरचा लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्यातून विषय आहे तो स्त्रियांनी मुद्दाम वेळ काढून, पदरचे पैसे खर्चून, स्वतःचे एकटीचे छायाचित्र काढवून घेण्याचा. अलीकडे मोठ्या शहरांत अशी व्यक्तिचित्रे काढून देणारे छायाचित्रकार दिसू लागले आहेत आणि त्यांत स्त्रियाही आहेत. कोणी चाळिशी-पन्नाशीच्या निमित्ताने त्यांच्याकडे जाते, कोणी बाळंतपणानंतर, तर कोणी मोठ्या आजारातून उठल्यावर. आधी निवांत गप्पा होतात, कोणती साडी नेसायची, केस बांधायचे की मोकळे ठेवायचे हे ठरते आणि मग तास-दोन तास ती कॅमेऱ्यासमोर एकटी असते. हे ऐकून आपल्यापैकी बरेच जण हसतात. "या वयात कसली हौस?" हा प्रश्न मी घरगुती समारंभांत ऐकला आहे आणि डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकला आहे. माझे मत निराळे आहे. ही हौस असेलही, पण ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिच्यामागे एक जुनी उणीव आहे आणि ती उणीव मला माझ्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसते.

बालरोगतज्ज्ञाला छायाचित्रे फार उपयोगी पडतात. बाळ तिरळे पाहते का, फ्लॅशच्या फोटोत बाहुली लालसर न दिसता पांढरी दिसते का, हे आम्ही आईवडिलांच्या मोबाइलमध्ये पाहतो. पांढऱ्या बाहुलीमागे कधी कधी दृष्टिपटलाचा कर्करोग असतो. मुलाच्या चेहऱ्याची ठेवण वेगळी वाटली, तर ती आजाराची खूण की घराण्याचा वारसा हे ठरवण्यासाठी आम्ही आईवडिलांचे लहानपणीचे फोटो मागवतो. वडिलांचे फोटो दुसऱ्या दिवशी हजर होतात. आईच्या फोटोंविषयी "माहेरी असतील" असे उत्तर मिळते आणि पुष्कळदा ते तेथेही नसतात. आजच्या मोबाइलमध्ये एकेका बाळाचे हजार-दोन हजार फोटो असतात. त्यांत बाबा असतात, आजी-आजोबा असतात, शेजारची मुलेही असतात. आई असते ती चमचा धरलेला हात म्हणून किंवा पदराचा काठ म्हणून, कारण फोटो काढणारी तीच असते.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर सहा वर्षांच्या एका मुलाला त्याची आजी माझ्याकडे आणत असे. त्या लाटेत त्याची आई गेली होती. मुलाला रात्री झोप लागत नव्हती. आईचा चेहरा आठवत नाही म्हणून तो रडतो, असे आजीने सांगितले. आईच्या फोनमध्ये त्याच्या वाढदिवसांचे, सहलींचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे शेकडो फोटो आणि चित्रफिती होत्या. चित्रफितींत आईचा आवाज होता. "इकडे बघ, बाळा" असे ती म्हणत होती. चेहरा जवळून दिसेल असा एकच फोटो आजीला सापडला होता, तो आधारकार्डावरचा.

हे वाचून कोणाचेही मन हळहळेल, पण तेथेच एक गोम आहे. आईचा फोटो मुलाला लागतो, असे म्हटले की आपल्याला ताबडतोब पटते. तिला स्वतःला तो हवा असू शकतो, हे पटायला वेळ लागतो. आपल्या घरांतील स्त्रियांची जुनी छायाचित्रे आठवून पाहावीत. एकटीचा पहिला नीटस फोटो निघे तो लग्न जमवण्यासाठी. वरपक्षाने पाहावा आणि नापसंत असल्यास परत पाठवावा, अशा बेताने. मग पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. पुढे डोहाळजेवणाला फुलांचे दागिने लेवून, मागे आरसा ठेवून, फुलांनी गुंफलेली वेणी आरशात दिसेल असा फोटो. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या घरीही ही पद्धत आहे. ही छायाचित्रे देखणी असतात यात शंका नाही. मात्र त्यांत कौतुक असते ते सौभाग्याचे, येऊ घातलेल्या बाळाचे आणि वेणीचे. त्यानंतर तीस-चाळीस वर्षे ती कोणाच्या तरी शेजारी उभी असते. अधूनमधून मतदार ओळखपत्राचा किंवा पासपोर्टचा फोटो निघतो. शेवटी भिंतीवर चंदनाचा हार घालण्याची वेळ येते, तेव्हा नातवाच्या मुंजीतल्या गर्दीतून तिचा चेहरा कापून मोठा करतात आणि शेजारच्या बाईचा खांदा संगणकावर पुसून टाकतात. पहिला फोटो इतरांनी पसंत करण्यासाठी आणि शेवटचा इतरांनी हार घालण्यासाठी. या दोहोंच्या मधल्या काळात तिच्या मर्जीने, तिच्यासाठी काढलेला एक तरी फोटो असावा, एवढीच ही मागणी आहे.

हैदराबादकरांना तर तिचे नवल वाटू नये. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९२ साली याच शहरात पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र झनाना स्टुडिओ उघडला होता. इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना कॅमेऱ्याकडे वळलेले हे गृहस्थ. स्टुडिओची व्यवस्था त्यांनी श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाईंकडे सोपवली होती. कॅमेऱ्यामागेही स्त्रीच असावी, अशी ती योजना होती. ज्या स्त्रियांचा चेहरा रस्त्याने कधी पाहिला नव्हता, त्यांचेही चित्र निघू शकते, मात्र त्यासाठी विश्वासाची जागा आणि विश्वासाचे माणूस लागते, हे धंद्याच्या दृष्टीने का होईना, दीनदयाळांनी ओळखले होते. आजच्या चांगल्या छायाचित्रकाराचेही पहिले काम तेच आहे.

आपल्या व्यवसायाचा या विषयाशी संबंध तर त्याहून जुना. इंग्लंडमधील सरे परगण्याच्या मनोरुग्णालयात स्त्री-विभागाचे प्रमुख असलेले डॉ. ह्यू वेल्च डायमंड यांनी १८५० च्या दशकात आपल्या रुग्ण स्त्रियांची व्यक्तिचित्रे काढली आणि १८५६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध सादर केला. छायाचित्राचे तीन उपयोग त्यांनी मांडले होते: आजाराची नोंद ठेवणे, पुन्हा दाखल झालेल्या रुग्णाची ओळख पटवणे आणि रुग्णाला तिचे स्वतःचे चित्र दाखवून उपचाराला हातभार लावणे. तिसरा विचार त्या काळाच्या मानाने विलक्षणच म्हणायचा. तरीही कोणते चित्र काढायचे आणि ते कोणाला दाखवायचे, हे ठरवणारे डॉक्टरच होते.

पुढे वैद्यकाने पहिला उपयोग उचलला आणि तिसरा बहुतांशी विसरला. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि परिषदांच्या पडद्यावर छायाचित्रे असतात ती गाठीची, व्रणाची, पुरळाची. चेहरा आलाच, तर डोळ्यांवर काळी पट्टी. ओळख लपवायला आता तेवढी पट्टी पुरेशी मानली जात नाही, हे आपण जाणतो. गोपनीयता राखलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु परिणाम असा, की डॉक्टरांच्या कॅमेऱ्यासमोर स्त्री आली की तिचा आजार दिसतो आणि ती झाकली जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर एखादी स्त्री स्वतःचे व्यक्तिचित्र काढवून घेते, तेव्हा ती नेमके याच्या उलट करीत असते. व्रण झाकायचा की दाखवायचा हे ती ठरवते आणि तिचे डोळे उघडे असतात.

कोणीतरी आपल्याकडे पाहावे ही गरज किती मूलभूत आहे, हे बालरोगशास्त्राइतके कोणाला ठाऊक असणार? नवजात बाळाला त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते ते सुमारे २० ते ३० सेंटिमीटरवरचे, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९६७ सालच्या निबंधात असे मांडले, की आईच्या चेहऱ्याकडे पाहताना बाळ त्यात स्वतःलाच पाहत असते. तो त्याचा पहिला आरसा. अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात आईने थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवला, की काही महिन्यांचे बाळ हसून, हातपाय हलवून तिचे लक्ष वेधू पाहत असे आणि काही केल्या जमेना, तेव्हा तोंड फिरवून हिरमुसत असे. आईने बाळाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलावे, असे आम्ही लसीकरणाच्या वेळी सांगतो. आईचा आरसा कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रसूतीनंतर दोन-चार महिन्यांनी तिचे केस गळू लागतात, चेहऱ्यावर वांग असतो, रात्रीची झोप नसते आणि घरी येणारा प्रत्येक जण बाळ पाहायला आलेला असतो.

"मी फोटोत चांगली येत नाही," हे वाक्य मी असंख्य स्त्रियांकडून ऐकले आहे. यात चेहऱ्याचा दोष फार थोडा असतो. एक कारण अंतराचे आहे. हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेल्या फोटोत कॅमेऱ्याला जवळ असलेले नाक मोठे दिसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाक ५ फुटांवरच्या चित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असा हिशेब मांडला आहे. दुसरे कारण सवयीचे. आपण स्वतःला आरशात, म्हणजे उलटे पाहत आलो आहोत. छायाचित्रातला सुलटा चेहरा आपल्याला परका वाटतो. १९७७ सालच्या एका प्रयोगात स्त्रियांना स्वतःची आरशातल्यासारखी उलटी प्रतिमा अधिक आवडली, तर त्यांच्या जवळच्या माणसांना सुलटी. म्हणजे जो चेहरा तिला खटकतो, तोच तिच्या माणसांचा लाडका असतो! चांगला छायाचित्रकार दोन पावले मागे सरतो, खिडकीचा सौम्य प्रकाश घेतो आणि त्या परक्या चेहऱ्याशी ओळख होईपर्यंत घाई करीत नाही. सत्राचा खरा लाभ त्या ओळखीत आहे.

म्हणूनच काही पथ्ये सांगणे माझे कर्तव्य आहे. सुरकुती पुसून, कंबर आवळून, रंग उजळून दिलेला फोटो त्या स्त्रीचा नसतोच. "तू जशी आहेस तशी चालणार नाहीस," असे तो तिला पैसे घेऊन सांगतो. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून गोरेपणा वगळला गेला. आपल्या मोबाइलमधून तो अजून गेलेला नाही. दुसरे पथ्य डॉक्टरांसाठी. छायाचित्र हा उपचार नव्हे. बाळंतीण सतत रडत असेल, बाळाविषयी काही वाटेनासे झाले असेल, आरशात पाहणेही नकोसे झाले असेल, तर तिला आधी मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य हेरण्यासाठी १९८७ पासून एडिंबरोची दहा प्रश्नांची प्रश्नावली उपलब्ध आहे आणि ती भरून घ्यायला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागत नाही. तिसरे पथ्य संमतीचे. फोटो तिच्या मालकीचा. तिने सांगितल्याशिवाय तो कोठेही झळकता कामा नये, कौतुकानेसुद्धा नाही.

आता एक सूचना. आपल्या मंडळाच्या भगिनी दरवर्षी संक्रांतीचे हळदीकुंकू करतात आणि वाण म्हणून स्टीलचे डबे किंवा प्लॅस्टिकच्या परड्या वाटल्या जातात. कोणाच्याही घरात आता त्यांना जागा उरलेली नाही. एका वर्षी त्याऐवजी सभागृहातील एका खिडकीशी खुर्ची ठेवावी, एखाद्या कुशल स्त्री-छायाचित्रकाराला बोलवावे आणि येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला तिचा एकटीचा, कोणतीही रंगसफेदी न केलेला फोटो चौकटीत बसवून वाण म्हणून द्यावा. ज्यांना नको असेल, त्यांना आग्रह नको. आपल्या रुग्णालयांतील परिचारिका, आया आणि सफाईचे काम करणाऱ्या बायकांनाही आवर्जून बोलवावे. त्यांच्यापैकी अनेकींचा एकटीचा फोटो गळ्यातल्या ओळखपत्रापुरताच आहे. आणि निमंत्रितांची यादी 'सुवासिनी' या शब्दापाशी थांबू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडसारख्या गावाने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामपंचायतीत केला. सुशिक्षित म्हणवणाऱ्या आपल्या मंडळाला एक खुर्ची मांडणे जड जाऊ नये.

या सूचनेचा कार्यकारिणीने पुढील संक्रांतीपूर्वी विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. व्यवसायबंधूंना एवढेच सांगणे, की आज घरी गेल्यावर मोबाइलमधले फोटो एकदा चाळून पाहावेत. त्यांत घरातल्या स्त्रीचा एकटीचा, ती स्वतःहून कॅमेऱ्याकडे पाहत आहे असा फोटो सापडला नाही, तर तिला "काढू का?" असे विचारावे. ती आधी नाहीच म्हणेल. थोडे थांबावे.