१०१ दिवस आणि ५,३७९ रुपये

वृत्तपत्रांवर आणि वृत्तवाहिन्यांवर लोकांचा विश्वास उरला नाही, ही तक्रार आता वाचकांपेक्षा संपादकच अधिक करू लागले आहेत. परिसंवादांच्या व्यासपीठांवरून ती होते, पत्रकार दिनाच्या भाषणांतून होते आणि प्रत्येक वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते ते समाजमाध्यमांना. मोबाइलवरच्या अफवांनी वाचक बिघडवला, असे हे आरोपपत्र. अफवा आहेत आणि त्या घातक आहेत, यात वाद नाही. परंतु दार स्वतःच उघडे टाकून चोराच्या नावाने बोंब मारावी, तसा हा प्रकार आहे. मराठी घराघरांत मोबाइलवरचे निरोप पोहोचण्याआधीच बातमीची पत घसरू लागली होती, आणि ती घसरवणारे बाहेरचे नव्हते.

हा इतिहास समजून घ्यायला ग्रंथालयात जाण्याचीही गरज नाही. मुंबईच्या हार्बर रेल्वेचा एक छोटासा टप्पा पुरेसा आहे. १९१० साली कुर्ल्याहून येणारी ही रेल्वे रे रोडपर्यंतच धावत असे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिरवणारे हे स्थानक आजही गोदामे, लाकडाच्या वखारी, दारूखान्यातील जहाजतोडणी आणि गोदी यांच्या मधोमध उभे आहे. येथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे निघाले की डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड आणि मशीद अशी तीन स्थानके लागतात. काही मिनिटांच्या या प्रवासात दडपलेली बातमी भेटते, रचलेली बातमी भेटते आणि चुकीची बातमी छापल्याबद्दल दोन संपादकांनी भोगलेला तुरुंगवासही भेटतो.

शत्रूच्या नभोवाणीवरचे सत्य

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, कापसाच्या गासड्या होत्या आणि सोन्याच्या विटाही होत्या. सिमल्याच्या भूकंपमापकाने हादऱ्याची नोंद केली. शेकडो माणसे दगावली. आग विझवताना अग्निशमन दलाच्या ६६ जणांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर पाळला जातो. आकाशातून पेटता कापूस आणि लोखंडाचे तुकडे कोसळताना गोदीलगतच्या वस्त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

पण जगाला याचा सविस्तर वृत्तांत कोणी दिला? दुसऱ्याच दिवशी तो दिला जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने, म्हणजे शत्रूने. इंग्रज सरकारच्या युद्धकालीन प्रसिद्धीनियंत्रणाने पत्रकारांना वृत्तांत बाहेर पाठवण्याची मुभा दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. युद्धात काही गोष्टी गुप्त ठेवाव्या लागतात, हे मान्य. परंतु लाखोंनी पाहिलेली आग कागदावरून पुसता येत नाही. जे सरकार प्रजेला तिच्या डोळ्यांदेखत घडलेले वाचू देत नाही, ते तिला शत्रूच्या नभोवाणीकडे ढकलते.

परके राज्य गेले, तरी ही खोड गेली नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी लादली गेली, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण आले आणि खरे काय घडते आहे हे कळावे म्हणून मराठी घरांतून बी.बी.सी. लावली जाऊ लागली. भूमिगत पत्रके हातोहात वाटणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पिढीला याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

तेरावा स्फोट

मशीद बंदरचा परिसर दुसऱ्या प्रकारच्या जखमेची साक्ष देतो. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली आणि २५७ निरपराध माणसे मारली गेली. स्फोट बारा झाले होते. त्या संध्याकाळी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून तेरा सांगितले. तेरावे ठिकाण होते मशीद बंदर. तेथे काहीही घडलेले नव्हते. केवळ हिंदुबहुल भागांना लक्ष्य केले गेले, असे चित्र निर्माण होऊन पुन्हा दंगल भडकू नये, यासाठी आपण हे जाणूनबुजून केले, असे पवारांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले.

हेतू शांततेचा होता, म्हणून आजही अनेक विचारवंत या असत्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. शांतता हवीच होती. ज्यांची माणसे त्या दुपारी गेली, त्यांनाही नवी प्रेते नकोच होती. पण शांतता राखण्यासाठी पोलीस होते, संचारबंदीचे अधिकार होते, सर्व पक्षांच्या नेत्यांना एकत्र आणून आवाहन करता आले असते. त्याऐवजी नागरिकांना सत्य पेलवणार नाही, असे गृहीत धरले गेले. मुंबईने त्या दिवशी संयम दाखवला. त्याचे श्रेय मुंबईकरांना द्यायचे की न झालेल्या स्फोटाला? ज्या समाजाला एकदा कळते की भीषण संकटाच्या क्षणीही सरकारी पडद्यावरून आकडे रचून सांगितले जातात, तो समाज पुढच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने पाहतो. त्या संशयावरच अफवा पोसली जाते.

पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, याच पट्ट्यात माझगावजवळ एका टॅक्सीत स्फोट झाला आणि दक्षिण मुंबई तीन दिवस ओलीस राहिली. या वेळी वाहिन्यांनी दडपले काहीच नाही. कमांडो कोठे उतरत आहेत, हेही दाखवले. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून हल्लेखोरांना सूचना देत होते. कसाबच्या खटल्यात २९ ऑगस्ट २०१२ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल त्यांना नाकारली. अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण रोखणारा नियम यायला मात्र २०१५ साल उजाडले. सत्य सांगण्याला विवेकाची जोड लागते. स्पर्धेच्या कैफात तो विवेक सुटला.

विकलेली पाने

तरीही या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. १९४४ मध्ये पत्रकाराचे तोंड बांधले गेले होते, १९९३ मध्ये त्याला फसवले गेले, २००८ मध्ये तो वाहवत गेला. त्याने वाचकाचा सौदा केला नव्हता. तो सौदा झाला ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत.

त्या निवडणुकीत ‘पॅकेज’ हा शब्द महाराष्ट्रातील उमेदवारांच्या ओठी रुळला. ठरावीक रकमेत सभेचे वृत्त, छायाचित्र, मुलाखत, ‘विजयाकडे वाटचाल’ सांगणारा लेख असे सारे काही मिळत असे, आणि कोठेही ‘जाहिरात’ हा शब्द नसे. पैसे न देणाऱ्या उमेदवाराची सभा कितीही मोठी झाली तरी तिला चार ओळीही मिळत नसत. हा व्यवहार रोखीचा. त्यामुळे तो उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबात दिसत नसे आणि वृत्तपत्राच्या जमाखर्चातही नसे. एकाच व्यवहारात वाचक, निवडणूक आयोग आणि प्राप्तिकर खाते अशा तिघांची फसवणूक.

मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे प्रकरण त्यामुळेच देशभर गाजले. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘द हिंदू’मध्ये पी. साईनाथ यांनी ते उजेडात आणले. चव्हाणांची स्तुती करणारी ४७ पूर्ण पाने त्यांनी जमवली होती, त्यांतील बरीच रंगीत. एकमेकांचे स्पर्धक म्हणवणाऱ्या दैनिकांत एकच मजकूर शब्दशः छापला गेला होता. ‘अशोकपर्व’ अवतरल्याचे वाचकांना बातमीच्या थाटात सांगितले जात होते. आणि भोकर मतदारसंघातील या उमेदवाराने वृत्तपत्रीय जाहिरातींवर दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचे आणखी ६,०००. खर्चाची मर्यादा तेव्हा दहा लाखांची होती.

चव्हाणांनी आरोप नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि उमेदवाराने दिलेला हिशेब खरा आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असे न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. जुलैमध्ये आयोगाने हिशेब सदोष ठरवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने विषय तेथे संपला आणि पैसे दिले-घेतल्याचे सिद्ध झाले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. पण तीन दैनिकांचे तीन वार्ताहर स्वतंत्रपणे तेच शब्द, त्याच क्रमाने कसे लिहितात, हा प्रश्न न्यायालयाचा नसून संपादकांचा आहे. त्याचे समाधानकारक उत्तर वाचकाला कधीच मिळाले नाही.

उलट जे घडले ते अधिक लज्जास्पद होते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी या दोन सदस्यांनी २०१० साली ७१ पानांचा अहवाल सादर केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. परिषदेने तो बासनात ठेवला आणि नावे वगळून छोटासा अहवाल प्रसिद्ध केला. जगाला पारदर्शकतेचे धडे देणाऱ्या व्यवसायाचा मूळ अहवाल लोकांसमोर आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर! विधी आयोगाने २०१५ साली ‘पेड न्यूज’ हा निवडणूकविषयक गुन्हा ठरवण्याची शिफारस केली. तीही अद्याप कायद्यात उतरलेली नाही. जिल्हा पातळीवरील समित्या नोटिसा काढतात, उमेदवार खुलासे देतात आणि निवडणूक उरकते.

डोंगरीचा धडा

याच मराठी पत्रकारितेचा दुसरा वारसा सँडहर्स्ट रोडजवळच्या डोंगरीत आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ जेमतेम वर्षभराचे असताना, कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाबाबत तेथील कारभारी माधवराव बर्वे यांना दोषी ठरवणारी पत्रे या पत्रांच्या हाती आली. टिळक आणि आगरकर यांनी त्यांच्या आधारे टीका केली. पत्रे बनावट निघाली. बदनामीचा खटला झाला; जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद ठोठावण्यात आली. सवलत मिळून १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले.

येथे लक्षात घ्यावे असे काही आहे. टिळक-आगरकर चुकले होते. हेतू निर्मळ होता, तळमळ खरी होती, तरी छापलेले खोटे होते. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि तरीही झालेली शिक्षा भोगली. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. लपवण्यासारखे काही त्यांना वाटले नाही. तुरुंगातून बाहेर आलेल्या या दोन तरुणांचे लोकांनी उत्स्फूर्त स्वागत केले. चूक होऊनही ‘केसरी’ची पत वाढली, कारण चुकीची किंमत संपादकांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. आज पहिल्या पानावर उठवलेले किटाळ चुकीचे ठरले, तर खुलासा आतल्या पानावर, तिथीवाराच्या शेजारी जागा मिळाली तर छापला जातो. वाहिन्यांवर तेवढेही सोपस्कार नसतात.

वृत्तपत्राला मत असू नये, असे नव्हे. ‘केसरी’ला मत होते, प्रखर होते. अग्रलेखात बाजू घ्यावी, ठणकावून घ्यावी. निःपक्षपणाचा बुरखा पांघरणाऱ्यांपेक्षा भूमिका जाहीर करणारा संपादक अधिक प्रामाणिक. परंतु मत हे मत म्हणून, जाहिरात ही जाहिरात म्हणून आणि बातमी ही बातमी म्हणून वाचकासमोर आली पाहिजे. पानावरची ही कुंपणे मोडली की वाचकाच्या लेखी सगळेच रान एक होते.

कसोटी आपल्या घरीही

ही कसोटी सोयीनुसार लावता येणार नाही. साईनाथ विचाराने डावे आहेत. म्हणून त्यांनी जमवलेली ४७ पाने खोटी ठरत नाहीत. अशोक चव्हाण २०२४ साली काँग्रेस सोडून भारतीय जनता पक्षात आले. म्हणून २००९ ची ती पाने कोरी होत नाहीत. मध्य प्रदेशातील भाजपचे मंत्री नरोत्तम मिश्र यांनाही याच आरोपावरून आयोगाने २०१७ मध्ये अपात्र ठरवले होते आणि पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विरोधकाचे छापून आले की ‘विकलेले’ आणि आपल्या नेत्याचे आले की ‘लोकप्रियता’, असा दुहेरी मापदंड ठेवणाऱ्याला संपादकांना जाब विचारण्याचा अधिकार उरत नाही.

हाच नियम कार्यकर्त्याच्या हातातील मोबाइललाही लागू आहे. आलेला मजकूर कोणी लिहिला, केव्हाचा आहे, छायाचित्र खरोखर त्याच गावचे आहे काय, हे न पाहता पुढे ढकलणारा माणूस तेराव्या स्फोटाचाच छोटा शिल्पकार होतो. आपला हेतू चांगला आहे, हे समर्थन तेथेही चालत नाही. शाखेत, मंडळात, घरात जो माणूस तीन वेळा खोटी बातमी घेऊन येतो, त्याची चौथी खरी बातमीही कोणी ऐकत नाही. आणि नेमकी तीच ऐकण्याची गरज असू शकते.

वाचकाच्या हातीही काही आहे. वर्गणीचे पैसे तो देतो. निवडणुकीच्या काळात दोन दैनिके शेजारी ठेवून एकच मजकूर शोधावा, सापडला तर संपादकाला नावानिशी पत्र लिहावे, जिल्ह्याच्या माध्यम समितीकडे कात्रणांसह तक्रार द्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण चुकीच्या चार मजकुरांसाठी दोन संपादक १०१ दिवस तुरुंगात राहिले, त्याच महाराष्ट्रात पानेच्या पाने स्तुती छापून ५,३७९ रुपयांचा हिशेब खपून जातो, हे ज्याला सलते त्याने तेवढे तरी केलेच पाहिजे.